पुढची बस, मागची बस

एकोणीस वर्षांत मॅलकी क्विगच्या बसने युएल गिलफिलनच्या चालत्या बसला कधी मागे टाकलं नव्हतं. आयर्लंडच्या उत्तरेकडल्या ड्रमनागोर गावातून युएलची बस आठ वाजून दहा मिनिटांनी निघायची आणि मॅलकीची आठ तेराला. रस्ता तोच, वळणं तीच, अंतरही जवळपास तेच, चारेक मैल. युएलच्या बसमध्ये निळ्या स्वेटरातली प्रॉटेस्टंट पोरं, सरकारी शाळेची. मॅलकीच्या बसमध्ये मरून स्वेटरातली कॅथलिक पोरं, सेंट ब्रोनाख शाळेची. सरकारी शाळा आधी लागायची आणि सेंट ब्रोनाख तिच्यापुढे अर्ध्या मैलावर. दोन्ही बस अर्ध्याहून जास्त रिकाम्या असायच्या.

त्या मंगळवारी मात्र मॅलकी हॉर्न वाजवत मागून आला, पुढे गेला आणि बस रस्त्यात आडवी लावून उभा राहिला. युएलला वाटलं, याचे ब्रेक गेले.

"युएल, खाली ये."

"वेड लागलं का तुला? पोरं आहेत माझ्या बसमध्ये!"

"खाली ये, लेका. डेपोचा निरोप आहे. तुझा रेडिओ पंधरा दिवस बंद आहे ना, म्हणून माझ्या बसवर आला." मॅलकीने टोपी काढली होती. "हेस्टर गेली."

"कुठे गेली? सकाळी मीच तिला बेलफास्टच्या गाडीत बसवून दिलं."

"विधानसभेच्या चहाच्या खोलीत. खुर्चीतल्या खुर्चीत. डॉक्टर पोचायच्या आधीच."

बायको गेली हे ऐकून युएल रस्त्यातच उभा राहिला. त्याची बस चालवण्यासारखी स्थिती नव्हती. मॅलकीने बाविसांना खाली उतरवलं, आपल्या एकोणीसांत बसवलं, युएलला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि बस हाकली. त्रेपन्न सीटच्या बसमध्ये एक्केचाळीस पोरं मावली आणि बारा जागा उरल्या.

पुढे जे झालं ते त्या दोघांच्याच हातून होण्यासारखं होतं. सरकारी शाळेचं फाटक आलं आणि मॅलकी तिथे थांबलाच नाही. एकोणीस वर्षांत तो तिथे कधी थांबला नव्हता, त्याचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. आणि युएल, जो रोज तिथे थांबायचा, काचेतून बाहेर बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं. मागची बावीस पोरंही गप्प राहिली. ती सगळी सेंट ब्रोनाखच्या अंगणात उतरली तेव्हा कुठे मॅलकीने कपाळावर हात मारला.

"अरे, तुम्ही ओरडला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं सहल आहे," सात वर्षांची आयव्ही म्हणाली.

मुख्याध्यापिका डिम्फ्ना मलग्रू बाहेर आल्या. त्यांनी निळे स्वेटर पाहिले, मग युएलचा चेहरा पाहिला. एक शब्द विचारला नाही. सगळ्या पोरांना आत नेऊन दूध आणि बिस्किटं द्यायला सांगितलं, सरकारी शाळेला फोन करायला सांगितलं आणि स्वतःची गाडी काढून युएलला बेलफास्टला घेऊन गेल्या. बावीस पोरं साडेदहापर्यंत तिथेच होती. मोजून परत केली.

संध्याकाळी गावात बातमी होती की कॅथलिकांनी बावीस प्रॉटेस्टंट पोरं नेली. रात्री त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली होती. बुधवारी सकाळपर्यंत बाविसांचा बाप्तिस्मा झाला होता.

*

युएलच्या घरी तीन दिवस माणसं येत होती. हॅमचे सँडविच संपले की कोणीतरी आणखी आणायचं. मॅलकीची बायको बटाट्याच्या पोळ्या घेऊन आली. लॉजमधले, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या जुन्या संघटनेतले, लोक काळे कोट घालून एका भिंतीला बसले, मॅलकीचे भाऊबंद दुसऱ्या भिंतीला, आणि मधून चहाचं तबक फिरत राहिलं. हेस्टर असती तर तिने अर्ध्या लोकांना उठवून जागा बदलायला लावल्या असत्या.

हेस्टर तशीच होती. प्रॉटेस्टंट-कॅथलिकांच्या भांडणात करार झाला, गोळीबार थांबला आणि बेलफास्टच्या टेकडीवर नवी विधानसभा बसली, तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी ही बाई कोणत्याही पक्षाशिवाय उभी राहिली आणि निवडून आली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वहीत सही करून आपण कोण ते लिहायचं होतं. राणीच्या राज्यात राहायचं म्हणणारे, बहुतेक प्रॉटेस्टंट, लिहायचे 'युनियनिस्ट'. आयर्लंड एक व्हावं म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, लिहायचे 'नॅशनलिस्ट'. हेस्टरने लिहिलं, 'इतर'. घरी येऊन म्हणाली, "मी ज्या दिवशी त्यांच्या दोन रकान्यांपैकी एकात नाव लिहीन ना, त्या दिवशी मला घरात घेऊ नकोस."

दफनानंतर आठवड्याने एक कागद आला. युएलने तो मॅलकीला वाचायला दिला, कारण सरकारी कागद वाचायचं काम हेस्टरचं होतं.

नियम असा होता की आमदार मेला तर पोटनिवडणूक घ्यायची नाही. पोटनिवडणूक म्हटली की दोन बाजूंमधला तोल बिघडण्याची भीती. म्हणून निवडून आल्याबरोबर प्रत्येकाने बदली माणसांची यादी बंद पाकिटात देऊन ठेवायची. आता हेस्टरचं पाकीट उघडलं होतं आणि आतली यादी त्या कागदाबरोबर आली होती.

"पहिलं नाव, सॅम्युएल गिलफिलन," मॅलकी म्हणाला. "म्हणजे तूच, शहाण्या."

"मी? तिने मला विचारलंसुद्धा नाही!"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"छे."

"मग विचारील कशाला?"

युएल म्हणाला, "मी नाही जाणार. मला त्यातलं काही कळत नाही. दोन-दोन मुख्यमंत्री, ही समिती, ती समिती."

"सोपं आहे रे. दोन मुख्यमंत्री, एक तुमचा, एक आमचा. आमच्याच्या नावाआधी 'उप' लावतात, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. दोघांची सही असल्याशिवाय पत्र टपालात पडत नाही. आणि एक रुसून घरी गेला की दुसऱ्याची खुर्ची आपोआप गेली."

"म्हणजे लग्नच की."

"लग्नात रुसलेल्याला जेवायला तरी हाक मारतात."

युएलला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. पण त्याने मान हलवली. "नाही रे बाबा. दुसरं नाव कोणाचं आहे त्याला जाऊ दे."

मॅलकीने कागद पुन्हा उघडला, वाचला, आणि तोंड भरून हसला. "मॅलकी क्विग."

"खोटं बोलतोस!"

"हे बघ. तुझ्या बायकोच्या हातचं अक्षर. ठीक आहे, मी जातो. पहिलं भाषण आयरिश भाषेत करीन. तिथल्या तुमच्या क्लिफर्ड हॅसलेटला जागेवर घाम फुटला पाहिजे."

"तुला कुठे आयरिश येतं?"

"त्यालाही कुठे येतं?"

युएल सोमवारी टेकडीवर गेला.

*

हेस्टरच्या गजराचं घड्याळ बेलफास्टच्या गाडीसाठी पाच चाळीसला वाजायचं. ते बंद कसं करायचं हे युएलला कधी कळलं नव्हतं. आता त्याला स्वतःलाच त्या गाडीने जायचं होतं, त्यामुळे ते वाजतं ते बरंच झालं.

टेकडीवरच्या कचेरीतल्या बाईंनी वही उघडून पुढे सरकवली. हेस्टरच्या नावावर बारीक रेघ मारलेली होती. युएलने खाली आपलं नाव लिहिलं, पुढे 'इतर' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"विचार नाही केलात?" बाई म्हणाल्या.

"खुर्ची तिची आहे," युएल म्हणाला.

सभागृहात त्याला तिची जागा मिळाली, दोन बाजूंच्या मधोमध, जिथे सहा 'इतर' बसायचे. कामकाज बघून त्याला डेपोतली शिकाऊ बस आठवली. तिला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शिकवणाऱ्याच्या. इथे फरक एवढाच होता की दोघंही स्वतःला शिकवणारे समजत होते. मंत्री एका बाजूचा असला तर त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा अध्यक्ष दुसऱ्या बाजूचा. चहाच्या खोलीत मात्र सगळे एकाच किटलीतून चहा घ्यायचे आणि सगळेच त्या चहाला नावं ठेवायचे. युएलला तिथे बरं वाटायला लागलं. भांडत का होईना, ही माणसं भांडायला रोज वेळेवर येत होती.

हेस्टरचं एक विधेयक तिथे अर्ध्यावर होतं. अगदी लहान. जिथे दोन शाळांची पोरं एकाच रस्त्याने जातात, तिथे एकच बस. दोन वाचनांतून ते गुपचूप पार पडलं होतं, कारण ते कोणी नीट वाचलंच नव्हतं. शेवटचं मतदान राहिलं होतं. आणि आता, त्या मंगळवारच्या गडबडीनंतर, सगळ्यांनी ते वाचलं.

क्लिफर्ड हॅसलेट उभा राहिला. क्लिफर्ड गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. तीस वर्षं बैलांवर ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की सभागृहातला माईक त्याच्यासाठी बंद ठेवायचे. तो युएलच्याच गावचा, युएलच्याच लॉजमधला, आणि आयव्हीचा आजोबा.

"अध्यक्ष महाराज! कायदा होण्याआधीच बावीस प्रॉटेस्टंट लेकरं कॅथलिक शाळेत पोचली! कायदा झाल्यावर कुठे पोचतील? रोमला?"

एका बाजूने बाकं वाजली. युएल उठला. त्याला बोलायचं नव्हतं, पण पाय उठले.

"क्लिफर्ड, त्या बसमध्ये मी होतो. चूक माझी आहे. फाटक माझं होतं आणि मला दिसलं नाही. तुझ्या नातीने तिथे दूध प्यायलं आणि दोन बिस्किटं जास्त घेतली. एवढंच घडलं."

"तीन घेतली!" कोणीतरी प्रेक्षकांतून ओरडलं. तो मॅलकी होता. शिपायाने त्याला बाहेर काढलं.

पण क्लिफर्डने तीस सह्यांचा अर्ज अध्यक्षांपुढे ठेवला. हे हत्यार करारातच दिलेलं होतं, दोन्ही बाजूंना. अर्ज आला की साधं बहुमत पुरत नाही. एकूण मतांतली शंभरात साठ हवीत, आणि दोन्ही बाजूंच्या आपापल्या आमदारांतली शंभरात चाळीस तरी हवीतच. मतदान तीन आठवड्यांनी ठरलं.

*

रविवारी मॅलकी युएलच्या स्वयंपाकघरात पावाच्या कागदावर पेन्सिलीने आकडे मांडून बसला. डिम्फ्ना मलग्रू गव्हाचा ब्राऊन पाव घेऊन आल्या होत्या, त्या तो कापत होत्या.

"एकूण साठ टक्के होतात. आमच्या बाजूचे चाळीस सहज होतात. घोडं अडलंय तुमच्या युनियनिस्टांत. त्यांच्यातले छप्पन्न जण मत देणार. छप्पन्नाचे चाळीस टक्के म्हणजे बावीस पूर्णांक चार दशांश. आपल्या बाजूने बावीस आहेत."

"मग?"

"मग चार दशांश माणूस कमी पडतोय."

"माझं मत आहे की."

"तुझं मत एकूण बेरजेत धरतात. त्या दोन रकान्यांत नाही धरत, तू 'इतर' ना! तू सभागृहात आहेस, पण या हिशेबात तू भिंतीवरचं घड्याळ आहेस." मॅलकीने पेन्सिल कानावर ठेवली. "पण सात दिवसांची नोटीस देऊन वहीतला शब्द बदलता येतो. तू युनियनिस्ट लिहिलंस तर सत्तावन्नात तेवीस. पास. अरे, तू अख्खा माणूस आहेस, चार दशांश तरी युनियनिस्ट असशीलच!"

युएलने पेन्सिलीच्या त्या आकड्यांकडे पाहिलं. तो चार दशांश नव्हता. तो पुरा होता. त्याच्या बापाचा लॉजचा पट्टा माळ्यावर पेटीत होता आणि दर जुलैत लॉजच्या मिरवणुकीत तो स्वतः तो घालून चालायचा. हेस्टर निवडणुकीला उभी राहीपर्यंत त्याने जन्मभर क्लिफर्डच्याच पक्षाला मत दिलं होतं. तो शब्द त्याच्यासाठी खोटा नव्हता. पण ती खुर्ची त्याची नव्हती.

"तिने मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "असं केलं तर घरात घेऊ नकोस, म्हणाली होती."

"ते तिने स्वतःबद्दल सांगितलं होतं," मॅलकी म्हणाला.

"एकच झालं."

"बाई, तुम्ही तरी सांगा याला."

डिम्फ्नाबाईंनी सुरी खाली ठेवली. "मी शाळा चालवते, मॅलकी. यांचा संसार मी कसा चालवू? हेस्टर हट्टी होती, हे मला माहीत आहे. बसचा हट्ट मोठा होता की शब्दाचा, ते यांनाच माहीत." आणि त्यांनी युएलच्या ताटलीत पावाची जाड कड ठेवली, लोणी लावून.

युएलला तेच तर माहीत नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिचे दोन हट्ट एकमेकांसमोर कधी आले नव्हते. आले असते तर तिने स्वतःच निकाल लावला असता आणि याला जेवताना सांगितलं असतं.

मॅलकीने हात पुसले. "उद्या सोमवार. उद्याच नोटीस दिलीस तर पुढच्या सोमवारी वही बदलेल. मतदान त्याच्या पुढच्या सोमवारी. सात दिवस मतदानाआधी भरायला हवेत, म्हणजे तुला विचार करायला फार तर शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

*

शुक्रवारी सभागृह बंद असायचं. त्या शुक्रवारी, हेस्टर गेल्यापासून पहिल्यांदाच, युएलने डेपोतून बस मागून घेतली. आमदार झाला तरी हात स्टिअरिंगला सवयीचे होते.

आठ दहाला तो निघाला. दुसऱ्या वळणावर त्याने आरशात पाहिलं. मॅलकीची बस तीन मिनिटांच्या अंतरावर असायला हवी होती. ती त्याच्या मागच्या बंपरला चिकटून होती. युएलने वेग वाढवला. मॅलकीनेही वाढवला. युएलने कमी केला. मॅलकीनेही केला.

मग त्याने बसमधल्या आरशात पाहिलं. मागच्या बाकावर आयव्ही हॅसलेट गुडघ्यांवर उभी होती आणि वहीचं पान मागच्या काचेला लावून धरत होती. मॅलकीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर समोरचे दोन दात पडलेली एक मरून स्वेटरवाली पोरगी होती. तिनेही एक पान वर धरलं. आयव्हीने वाचलं, खदखदून हसली, आणि घाईघाईने दुसरं पान लिहायला बसली. तिच्या भोवती आठ-दहा डोकी जमली होती.

"काय लिहिलंय तिने?"

"बीट! तिच्या डब्यात आज पण बीट आहे!"

"सांग तिला, माझं सफरचंद घे म्हणावं!"

"देणार कसं? काचेतून?"

सरकारी शाळेच्या फाटकाशी पोरं उतरली. मॅलकी नेहमीप्रमाणे पुढे जायच्या ऐवजी क्षणभर बाजूला थांबला. युएल खिडकीतून ओरडला, "हे काय चाललंय? माझ्या शेपटीला चिकटून चालवतोस! डेपोला कळलं तर परवाना जाईल!"

"लांब राहिलो तर पोरींना वाचता येत नाही!" मॅलकी ओरडला. "त्या दूध-बिस्किटांच्या दिवसापासून हेच चाललंय. रोज! मोठी अक्षरं काढा म्हटलं तर म्हणतात, वह्या संपतात!"

मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. मॅलकी निघून गेला.

आयव्ही अजून फाटकाशी उभी होती, वही दप्तरात कोंबत.

"आजोबांना माहीत आहे का हे?" युएलने विचारलं.

"ते विचारत नाहीत," आयव्ही म्हणाली. "मिस्टर गिलफिलन, तुम्ही जरा हळू चालवाल का? वळणावर अक्षर हलतं."

युएल रिकाम्या बसमध्ये बसून राहिला. एकोणीस वर्षं तो पुढच्या काचेतून बघत आला होता. मागच्या काचेतून काय दिसतं हे हेस्टरने न बघता ओळखलं होतं. त्याने बस वळवली आणि डेपोत लावली. मग दुपारच्या गाडीने तो टेकडीवर गेला. कचेरी मात्र शुक्रवारीही चार वाजेपर्यंत उघडी असायची. तो पावणेचारला पोचला.

"नोटीस द्यायची आहे," तो म्हणाला.

"कारण लिहायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "नुसता शब्द लिहा."

त्याने शब्द लिहिला. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "राग आला असेल तर ये, भांड माझ्याशी." शेजारच्या बाईला वाटलं, तो तिला म्हणतोय. ती उठून दुसरीकडे बसली.

*

नोटीस फळ्यावर लागली तशी क्लिफर्डने त्याला जिन्यातच मिठी मारली. "आलास घरी! मला ठाऊक होतं! रक्त कुठे जातं?"

"क्लिफर्ड, मी मत त्या बसलाच देणार आहे."

क्लिफर्डचे हात त्याच्या खांद्यांवर तसेच राहिले. "मग आमच्यात आलास कशाला?"

"तुमच्यात आल्याशिवाय मला कोणी मोजत नाही म्हणून."

क्लिफर्डने त्याच्याकडे असं पाहिलं जसं बाजारात आपल्याच बैलाने शिंग मारलं की मालक बघतो. मग तो पेन्सिल शोधत निघून गेला. पुढचा आठवडाभर त्याने त्या बाविसांपैकी एकेकाला गाठलं. एकाला म्हणे त्याने गाभण गायसुद्धा स्वस्तात देऊ केली. एकही जण हलला नाही. ज्यांच्या भागात दोन-दोन बस एकमेकींचा धूर खात धावत होत्या, तेच ते बावीस होते.

मतदानाच्या सोमवारी प्रेक्षकांची गॅलरी भरली. मॅलकीला शिपायाने आधीच दम देऊन बसवलं. युएल नव्या जागेवर बसला, क्लिफर्डच्या मागच्या बाकावर. आयुष्यभर ज्या लोकांबरोबर लॉजमध्ये बसला त्यांच्यातच तो बसला होता, पण कोणी त्याच्याशी बोललं नाही. एकाने पेपरमिंट पुढे केलं आणि मग विचार बदलून मागे घेतलं.

घंटा झाली. माणसं 'हो' आणि 'नाही' अशा दोन दारांनी गेली, मोजली गेली, परत आली. अध्यक्षांनी कागद हातात घेतला आणि चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावर होता. तिघांनी एकदम सांगितलं.

"एकूण मतांपैकी बाजूने, शेकडा त्रेसष्ट. नॅशनलिस्टांपैकी बाजूने, शेकडा नव्वद. युनियनिस्टांपैकी..." त्यांनी कागद जवळ धरला. "सत्तावन्नात तेवीस. शेकडा चाळीस पूर्णांक तीन दशांश. विधेयक मंजूर."

गॅलरीत मॅलकीने अशी काही आरोळी ठोकली की शिपाई त्याच्याकडे धावला, आणि मग धावता धावता थांबून स्वतःच टाळ्या वाजवू लागला. शिपायाची दोन पोरं तशाच दोन बसच्या रस्त्यावर होती. मधल्या बाकांवरचे पाच 'इतर' एकमेकांच्या गळ्यात पडले. पलीकडच्या बाजूचा एक म्हातारा आमदार, ज्याने करार होण्याआधी बारा वर्षं तुरुंगात काढली होती, उठून इकडच्या बाकांपर्यंत आला आणि त्याने युएलसमोर हात पुढे केला. युएलने त्याचा हात हातात घेतला. असा हात आपण कधी धरू असं त्याला वाटलं नव्हतं. हात साधाच होता, जरा थंड.

डिम्फ्नाबाई गॅलरीत रुमालात नाक शिंकरत होत्या. युएलला रडू आलं नाही. त्याला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. मग हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं आणि तो ते पुसायलाही विसरला.

बाहेर पायऱ्यांवर क्लिफर्ड उभा होता. युएल त्याच्याजवळून जाऊ लागला तसा तो घसा खाकरून म्हणाला, "चार दशांश माणसाच्या फरकाने हरवलंस मला."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझा तो मॅलकी बाजारभर सांगत फिरतोय." क्लिफर्डने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "आयव्ही म्हणते, तिकडची बिस्किटं आपल्या शाळेपेक्षा बरी आहेत. आपल्या शाळेच्या मंडळावर मी आहे. यापुढे आपली बिस्किटं बदलतील. कायदा गेला खड्ड्यात, पण बिस्किटांत मी हार घेणार नाही."

"बरं."

"आणि हेस्टर..." तो थांबला. बैलांवर ओरडणारा तो आवाज खाली आला. "ती असती तर या क्षणी मला अशी काही बोलली असती ना, की मला परत उत्तर सुचलं नसतं."

"सुचलं असतं तुला," युएल म्हणाला. "पण तिने बोलू दिलं नसतं."

दोघंही हसले, आणि एकाच गाडीने गावी परतले.

*

शरद ऋतूत बस सुरू झाली. कायद्यात लिहिलं होतं की अंमलबजावणी दोन्ही शाळांच्या मंडळांनी मिळून करायची, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरायचं नाही. बैठका एकदा या शाळेत, एकदा त्या शाळेत. चहासुद्धा आळीपाळीने. पुष्कळ गोष्टी ठरल्या. ड्रायव्हर एक आठवडा मॅलकी, एक आठवडा युएलच्या जागी आलेला दुसरा. सीटचं कापड ना निळं ना मरून, राखाडी. युएल आमदार म्हणून दोन्ही मंडळांच्या मधल्या खुर्चीत बसायचा आणि आवाज चढला की सगळ्यांना बिस्किटं द्यायचा. क्लिफर्डने सरकारी शाळेची बिस्किटं खरंच बदलली होती. आता दोन्ही बाजू एकमेकींच्या शाळेत बैठक घ्यायला हट्ट करत होत्या.

या वर्षीची नवी आठ धरून एकोणपन्नास पोरं रोज त्या बसमध्ये बसतात. डब्यातल्या बिटाची अदलाबदल आता काचेआडून करावी लागत नाही. आयव्ही आणि ती दात पडलेली पोरगी, जिचे दात आता आले आहेत, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात आणि इतकं बोलतात की मॅलकी कानात कापूस घालतो.

एकाच गोष्टीवर बैठका अडल्या आहेत. सरकारी शाळा रस्त्यात आधी येते, म्हणून पहिला थांबा तिचाच, असं क्लिफर्डचं मंडळ म्हणतं. कायम दुसरं उतरायचं म्हणजे ती बरोबरी कसली, असं डिम्फ्नाबाईंचं मंडळ म्हणतं. एकमत होईपर्यंत बस दोन फाटकांच्या बरोबर मधे, पाव मैलावर, एका जुन्या दगडी कठड्यापाशी थांबते. सगळी पोरं तिथे उतरतात. निळी मागे चालत जातात, मरून पुढे. पाऊस असला तर सगळीच भिजतात आणि ओरडत पळतात.

आतापर्यंत सहा बैठका झाल्या. सातवी गुरुवारी आहे. पहिला थांबा कोणाचा, हे अजून ठरायचं राहिलं आहे.